मक्याचे गाव, डोंगराचे पाणी: अँडीजमधले काबानाकोंदे समजून घेताना

पेरू देशातील हिमनद्या आटत चालल्याच्या बातम्या आता नेमाने येतात. तिथल्या राष्ट्रीय हिमनदी-संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार १९६२ ते २०२० या काळात देशाने आपल्या हिमनद्यांचे ५६ टक्के क्षेत्र गमावले, आणि जगाच्या उष्ण पट्ट्यातल्या हिमनद्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक याच देशात असल्यामुळे हा आकडा मोठाच आहे. तरीही अशी बातमी वाचून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण डोंगरावरचा बर्फ कमी झाला म्हणजे डोंगराखालच्या माणसाच्या ताटात, शेतात आणि भांडणात नेमका काय फरक पडतो हे टक्केवारीतून दिसत नाही. ते पाहायचे तर एखादे गाव निवडून तिथले पाणी कुठून येते, कुणाला मिळते आणि कोण वाटते हे शांतपणे पाहावे लागते. त्यासाठी या लेखात काबानाकोंदे हे गाव घेतले आहे. दक्षिण पेरूच्या अरेकिपा प्रांतातले हे गाव जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे आहे. नकाशावर ते सहज सापडत नाही, पण पाण्याचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न तिथे एकदा तरी उभा राहून गेलेला आहे.

गाव आहे तरी कुठे?

अँडीज ही दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने उभी गेलेली पर्वतरांग. तिच्या पश्चिम उतारावर कोल्का नावाची नदी वाहते आणि काही अंतर गेल्यावर जमिनीत इतकी खोल उतरते की सर्वात खोल ठिकाणी कड्यापासून पात्रापर्यंतचे अंतर तीन हजार मीटरहून अधिक भरते. या घळीच्या डाव्या काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२८७ मीटर उंचीवर, काबानाकोंदे वसलेले आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तर त्याच्या माथ्याशी हे गाव येईल. आणि एवढ्या उंचीवरही ते डोंगराच्या माथ्यावर नाही, पायथ्याशी आहे, कारण गावाच्या पाठीशी वाल्का वाल्का हा ६,०२५ मीटरचा पर्वत उभा आहे. त्याच्या शेजारी साबानकाया हा ज्वालामुखी आणि ६,२८८ मीटरचा आम्पातो असे आणखी दोन मोठे पर्वत आहेत.

गाव एका उतरत्या पठारावर पसरले आहे. समोर अचानक जमीन संपते आणि घळ सुरू होते. मागे डोंगर चढत जातो. मधल्या पट्ट्यात दगडी ताली घातलेली शेते. गावाच्या अलीकडे, चिवाय या तालुक्याच्या ठिकाणाहून येणाऱ्या रस्त्यावर, घळीतून वर चढणाऱ्या गरम हवेवर पंख न हलवता तरंगणारे कोंडोर पक्षी पाहायला पर्यटकांची गर्दी होते. बहुतेक लोक या भागाला ओळखतात ते त्या पक्ष्यासाठी. गाव जगते मात्र मक्यावर.

तीन हजार मीटरवर मका येतो कसा?

साधा हिशेब असा की एक हजार मीटर वर गेले की हवा सरासरी सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. हिमालयात या उंचीवर मक्याची भरवशाची शेती करणे अवघड जाईल. पण काबानाकोंदे विषुववृत्तापासून फक्त पंधरा-सोळा अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे वर्षभर ऊन जवळजवळ डोक्यावरून पडते आणि हिवाळा म्हणजे मुख्यतः कोरडा, थंड रात्रींचा काळ असतो. खरी भीती दहिवराची, म्हणजे रात्रीत पारा शून्याखाली जाऊन पाने करपून जाण्याची. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहते. गाव घळीच्या तोंडाशी असल्याने ती साचून न राहता खाली निघून जाते. तालींचे दगड दिवसभर तापतात आणि ती ऊब रात्री हळूहळू सोडतात. तालींची ही शेते इंका साम्राज्याच्याही आधीची आहेत. ज्यांनी ती बांधली त्यांनी दगड रचताना उतार, माती, पाण्याचा निचरा आणि थंडी या चारही गोष्टींचा विचार केलेला दिसतो.

राहता राहिले पाणी. पाऊस वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर, आणि तोही जवळजवळ सगळा डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत. पूर्वेकडून येणारे बाष्प अँडीज ओलांडताना दुसऱ्या बाजूलाच रिते होते, आणि पश्चिमेला प्रशांत महासागराचा थंड प्रवाह किनाऱ्यालगत वाहत असल्याने तिकडूनही पाऊस येत नाही. म्हणूनच याच पर्वताच्या पायथ्याशी, किनाऱ्यावर, जगातल्या अत्यंत कोरड्या वाळवंटांपैकी एक आहे. मक्याची पेरणी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी लागते, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी, नाहीतर कणीस भरण्याच्या वेळी दहिवर गाठते. पेरणीपासून पावसापर्यंतचे हे तीन-चार महिने पीक जगते ते फक्त पाटाच्या पाण्यावर. ते पाणी येते वाल्का वाल्काच्या बर्फातून आणि त्याच्या झऱ्यांतून.

इथल्या मक्याला आसपासच्या प्रदेशात ‘कबानिता’ म्हणून मान आहे. दाणा मऊ आणि चवीला गोडसर. पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंत अनेक रंगांचा. तो मातीच्या भांड्यात भाजतात तेव्हा लाही फुटत नाही, दाणा फुगून खुसखुशीत होतो, आणि असे दाणे खिशात घालून माणूस दिवसभराच्या वाटेला निघतो. उकडून तो भातासारखा जेवणात असतो. मोड आणून, वाळवून, उकळून आणि आंबवून त्याचीच ‘चिचा’ होते. ती सामूहिक कामाच्या प्रत्येक प्रसंगी फिरवली जाते.

खाली नदी असताना डोंगराकडे का पाहायचे?

ही शंका रास्त आहे. कोल्का नदी बारमाही आहे आणि गावातून ती जवळ दिसते. पण नदीचे पात्र गावाच्या खाली हजार मीटरहून अधिक खोल आहे. पाणी वर चढवायला ऊर्जा लागते आणि तिचा हिशेब शाळेतल्या सूत्राने मांडता येतो: एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी अकराशे मीटर चढवायला, काहीही वाया न जाता, सुमारे तीन युनिट वीज लागते. एक हेक्टर शेतात दहा सेंटीमीटर पाणी उभे करायचे तर हजार घनमीटर पाणी हवे, म्हणजे एका हेक्टरच्या एका पाळीला तीन हजार युनिट. तीही आदर्श यंत्राची. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. मका विकून हे बिल भरता येणार नाही. त्यामुळे जे पाणी आपणहून वरून खाली येते तेवढेच या गावाच्या कामाचे.

एक डोंगर, तीन हवामाने

सपाट मुलखात वेगळे हवामान गाठायचे तर शेकडो किलोमीटर जावे लागते. इथे चढाव-उताराची वाट पुरते. घळीच्या तळाशी आणि पलीकडच्या तापाय गावाच्या बाजूला हवा उबदार असल्याने फळबागा आहेत. निवडुंगावर कोचिनील नावाचा कीटक वाढतो आणि त्यापासून लाल रंग मिळतो. मधल्या पट्ट्यात मका, त्याच्या वर बटाटा, जव आणि घेवड्यासारखी पिके. चार हजार मीटरच्या वर शेती थांबते आणि ‘पुना’ सुरू होते, म्हणजे अल्पाका आणि लामा चारण्याची उंच, थंड कुरणे.

एकाच समाजाने उंचीचे असे निरनिराळे पट्टे एकाच वेळी ताब्यात ठेवायचे किंवा नात्यागोत्यातून जोडून घ्यायचे, ही अँडीजची जुनी रीत आहे. जॉन मुर्रा या अभ्यासकाने १९७२ साली तिची सविस्तर मांडणी करताना या विखुरलेल्या पट्ट्यांना द्वीपसमूहाची उपमा दिली. बेटे समुद्रात पसरलेली असतात तशी ही शेते उंचीवर पसरलेली. यामागचा विचार कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावा लागणार नाही: एका ठिकाणी दहिवर पडले तरी दुसरीकडचे पीक हाती यावे. वरचे मेंढपाळ लामांच्या पाठीवर मांस, लोकर आणि सुकवलेला बटाटा लादून खाली येत आणि मका, फळे घेऊन परत जात. मोटारीचा रस्ता झाल्यावर ही देवघेव पुष्कळ आटली, तरी पैशाशिवायची अदलाबदल या भागात अजून पूर्ण संपलेली नाही.

सुकवलेल्या बटाट्याचे काम थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. कोरड्या थंडीच्या महिन्यांत, जून-जुलैत, लहान बटाटे उंच माळावर गवतावर पसरून ठेवतात. रात्री ते दगडासारखे गोठतात, सकाळच्या उन्हात सैल पडतात, मग घरची माणसे अनवाणी पायांनी ते हलकेच तुडवतात आणि आतले पाणी व साल निघून जाते. असे काही दिवस चालले की हाती राहतो तो ‘चुन्यो’: काळपट, हलका, खडखडीत बटाटा, जो वर्षानुवर्षे टिकतो. ज्या थंडीने मका मरतो त्याच थंडीकडून बटाटा टिकवून घेण्याचे हे काम आहे. आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा याच पर्वतरांगेतून निघून युरोपमार्गे आपल्याकडे आला, आणि ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांनी आणला. त्यामुळे या शेतीशी आपले अगदीच काही नाते नाही असे म्हणता येत नाही.

शेताबाहेरचे एक काम आवर्जून सांगायला हवे. काबानाकोंदेच्या बायकांच्या गोल टोप्या आणि घेरदार झगे रंगीत भरतकामाने इतके भरलेले असतात की मूळ कापड शोधावे लागते. हे भरतकाम सुईने नव्हे तर पायाच्या शिलाई यंत्रावर होते, आणि पुरुष कारागीरही ते करतात.

डोंगराच्या आकाराची डोकी

कोल्का खोऱ्यात दोन लोकसमूह होते. वरच्या भागात आयमारा बोलणारे कोयागुआ आणि खालच्या भागात, काबानाकोंदेच्या बाजूला, केचुआ बोलणारे काबाना. १५८६ साली हुआन दे उल्योआ मोगोयोन या स्पॅनिश अधिकाऱ्याने या खोऱ्याचा अहवाल लिहिला. त्यात तो सांगतो की कोयागुआ स्वतःला कोयागुआता नावाच्या उंच ज्वालामुखीतून निघालेले मानत आणि तान्ह्या मुलांची डोकी बांधून त्या डोंगरासारखी उंच, निमुळती करत. काबाना स्वतःला वाल्का वाल्कातून आलेले मानत आणि मुलांची डोकी रुंद, चपटी करत. माणूस कुठला हे डोक्याच्या आकारावरून कळे. स्पॅनिश राजवटीने ही प्रथा बंद केली. आज कोयागुआ आणि काबाना बायकांच्या टोप्यांचे आकार वेगवेगळे आहेत, आणि कोण कुठली हे त्यांवरून अजूनही ओळखता येते.

मुद्दा विचित्र प्रथेचा नाही. जो डोंगर पाणी देतो तोच आपला पूर्वज, ही कल्पना इथे चारशे वर्षांपूर्वी लेखी नोंदलेली आहे. पाणीवाटप समजून घेताना ती पुन्हा लागेल.

पंधराव्या शतकात हे खोरे इंकांच्या साम्राज्यात आले. नदीचे ‘कोल्का’ हे नावही केचुआ भाषेत धान्याच्या कोठाराचे नाव आहे, आणि घळीच्या कड्यांच्या कपारीत दगड-मातीची जुनी कोठारे अजून दिसतात. मग स्पॅनिश आले. त्यांच्याबरोबर आलेल्या देवीसारख्या साथींनी माणसे इतकी मेली की मैलोगणती ताली ओसाड पडल्या. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने विखुरलेल्या वाड्या मोडून लोकांना चौकोनी आखणीच्या गावांत आणून बसवले, म्हणजे कर गोळा करणे, वेठ लावणे आणि धर्मोपदेश करणे सोपे जावे. आज दिसणारे काबानाकोंदे, मधला चौक आणि सान पेद्रो दे आल्कांतारा हे देवालय धरून, त्या आखणीतून आले आहे. सतराव्या शतकात काय्योमा इथे चांदीच्या खाणी सुरू झाल्यावर खोऱ्यातली माणसे तिकडेही राबायला गेली.

पाणी वाटायचे कसे?

इथे एकच पारिभाषिक शब्द लक्षात ठेवावा लागेल: ‘साया’, म्हणजे निम्मा भाग. अँडीजमधली कितीतरी गावे दोन सायांत विभागलेली असतात. वरची आनानसाया आणि खालची उरिनसाया. वाचताना आपल्याला गावातल्या दोन आळ्या आठवतील, पण काबानाकोंदेमध्ये ही विभागणी माणसांची नसून शेतांची आहे. प्रत्येक तुकडा एका सायाचा. आणि एका सायाचे तुकडे एका बाजूला सलग नाहीत, तर दोन्ही सायांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत. बहुतेक घरांची जमीन दोन्हींत थोडी थोडी असते. त्यामुळे कुणीही माणूस निखळ एका बाजूचा राहत नाही.

प्रत्येक सायासाठी एक पाणीवाटप्या असतो, त्याला ‘रेहिदोर’ म्हणतात. आपल्या पाटकऱ्याशी त्याचे काम मिळतेजुळते आहे, पण तो पगारी नोकर नाही; गावाने दिलेली ती ठरावीक मुदतीची जबाबदारी असते आणि ती पार पाडल्यावर माणसाचा मान वाढतो. डोंगरावरून आलेले पाणी रात्री तळ्यात साठवतात आणि पहाटे सोडतात. कुणाच्या तुकड्याला आधी, किती वेळ, दारे कधी मोडायचे हे रेहिदोर ठरवतो आणि पाण्याबरोबर चालत राहतो. दोन रेहिदोरांमध्ये आपल्या सायाची पाळी आधी आणि नीट पुरी करण्याची चुरस असते. काम सुरू करण्यापूर्वी ते वाल्का वाल्काला नैवेद्य देतात: कोकाची पाने, चिचा, लामाची चरबी. ज्याच्या पोटातून आपण आलो त्याच्याकडून पाणी मागायचे तर रिकाम्या हाताने कसे मागणार, असा त्यामागचा भाव आहे.

ही पद्धत उधळपट्टीची नाही का?

सरकारी अभियंत्यांचा आक्षेप हाच होता आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. १९६९ साली लष्करी राजवटीने नवा जलकायदा करून देशातले सगळे पाणी सरकारच्या मालकीचे ठरवले. त्यानंतर पाटबंधारे खात्याने गावोगाव एकच पद्धत लावायचा आग्रह धरला: पाटाच्या एका टोकापासून सुरुवात करून शेजारी-शेजारीच्या शेतांना ओळीने पाणी द्यावे. कोरड्या पाटात पाणी मुरते. ओळीने दिले तर पाट एकदाच भिजतो आणि गळती कमी होते. सायांच्या पद्धतीत तोच पाट आज आनानसायाच्या तुकड्यांसाठी आणि पुन्हा उरिनसायाच्या तुकड्यांसाठी भिजवावा लागतो. केवळ मुरण्याचा हिशेब केला तर अभियंते बरोबर होते.

पण पाटाचे पाणी फक्त मातीत मुरत नाही. ते वशिल्यातही मुरते, हे टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला कुठल्याही देशात ठाऊक असते. ओळीच्या पद्धतीत वाटणारा माणूस एकच असतो, आणि तो झुकला की त्याला अडवणारे कुणी नसते. दोन सायांच्या पद्धतीत दोन वाटप्ये एकमेकांवर नजर ठेवतात आणि ज्या घराची जमीन दोन्हींकडे आहे ते घर कुणा एकाच्या बाजूने उघड भांडू शकत नाही. ऐंशीच्या दशकात गावात राहून अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने हेच नोंदवले की सरकारी पद्धत आणि गावची पद्धत यांतला वाद कार्यक्षमतेइतकाच अधिकाराचा होता: पाणी कुणाचे मानायचे, खात्याचे की डोंगराचे. माझ्या मते नैवेद्याकडे अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवणारे त्यातली मुख्य गोष्ट विसरतात. चारचौघांसमोर डोंगराला शब्द देऊन पाणी हाती घेतलेला माणूस चोरून दारे मोडताना दहा वेळा विचार करतो. शिक्का मारलेल्या कागदाने तेवढे साधेलच असे नाही.

सायांची पद्धत निर्दोष होती असे मात्र समजू नये. ज्यांच्याकडे जमीन जास्त त्यांच्याकडे पाणीही जास्त जाई, आणि दुष्काळात पाण्यावरून रात्रीची भांडणे इथेही होत. पद्धत चांगली असली तरी पाणीच पुरेसे नसेल तर ती काय करणार, हा प्रश्न शेवटी १९८३ साली उभा राहिला.

डोक्यावरून गेलेला कालवा

सत्तरच्या दशकात पेरू सरकारने माखेस नावाची प्रचंड सिंचन योजना हाती घेतली. कल्पना अशी की कोल्का नदीचे पाणी वरच्या भागातच, तुती गावाजवळ, वळवायचे आणि सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या, बहुतांश बोगद्यांतून जाणाऱ्या कालव्याने ते किनाऱ्याकडच्या माखेसच्या ओसाड माळावर न्यायचे. पावसाळ्यातले पाणी अडवण्यासाठी उगमाकडे कोंदोरोमा धरण बांधण्यात आले. ते १९८५ साली पूर्ण झाले. आज माखेसमध्ये पंधरा हजार हेक्टरांच्या आसपास जमीन भिजते, तिथे लसूणघास, दूध, कांदा पिकतो, आणि वाळवंटात एक नवे शहर उभे राहिले आहे. योजना म्हणून ती फसली असे कुणी म्हणू शकणार नाही.

अडचण एवढीच की हा कालवा कोल्का खोऱ्याच्या डाव्या बाजूने, गावांच्या वरच्या अंगाने जातो. बोगदे खणण्याच्या काळात गावकऱ्यांना मजुरी मिळाली, पण पाण्यात त्यांचा वाटा धरलेला नव्हता. आपल्याच खोऱ्यातले, सेकंदाला हजारो लिटर पाणी आपल्या शेतांच्या वरून जाते आणि आपले पाट कोरडे, अशी स्थिती झाली. त्यात १९८२-८३चे एल निन्यो आले. प्रशांत महासागराचे पाणी तापले की वाऱ्यांची घडी बिघडते. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर तेव्हा महापूर आले आणि दक्षिणेच्या डोंगराळ भागात पाऊसच पडला नाही. काबानाकोंदेचा मका उभ्याने वाळू लागला.

तेव्हा गावातल्या अकरा जणांनी कालव्याला भोक पाडले आणि पाणी गावच्या पाटात घेतले. अधिकारी आले, पोलीस आले, गुन्ह्याची भाषा झाली. पण गाव त्या अकरा जणांच्या मागे उभे राहिले. शेवटी सरकारने गावासाठी कालव्यातून सेकंदाला १५० लिटर पाणी अधिकृतपणे मंजूर केले. पुढे डाव्या काठावरच्या इतर गावांनाही कालव्यातून पाणी मिळाले. काबानाकोंदेमध्ये ते अकरा जण आजही गावाचे वीर म्हणून ओळखले जातात.

१५० लिटर म्हणजे किती? दिवसाचे सुमारे १२,९६० घनमीटर. दहा सेंटीमीटरची पाळी धरली तर रोज साधारण तेरा हेक्टर भिजतील एवढे. माखेसच्या कालव्याच्या दृष्टीने ही किरकोळ गळती आहे. या गावाच्या दृष्टीने पडीक पडलेल्या ताली पुन्हा नांगराखाली येण्याइतके पाणी आहे. त्या तशा आल्याही.

पण ही पाण्याची चोरी नव्हती का?

कायद्याच्या भाषेत होती. कालवा सरकारचा, पाणी सरकारचे, भोक पाडणे गुन्हा. माझी सहानुभूती गावाकडे आहे हे मी लपवत नाही, पण केवळ सहानुभूतीवर उत्तर देऊ नये. उलट बाजूने असे विचारता येते: प्रत्येक गाव भोक पाडू लागले तर शेवटच्या टोकाला पाणी पोहोचेल का? नाही पोहोचणार. माखेसच्या माळावर जमीन घेऊन राबणारे हजारो शेतकरीही गरजूच होते आणि त्यांतले कितीतरी डोंगरातूनच खाली गेलेले होते. म्हणून दोष त्या अकरा जणांच्या कुदळीत शोधण्यापेक्षा योजनेच्या आराखड्यात शोधायला हवा. ज्या खोऱ्यातून पाणी उचलायचे त्या खोऱ्याचा वाटा आधी बाजूला काढून मग उरलेले पुढे न्यायचे, एवढी तरतूद सुरुवातीलाच केली असती तर पोलीस पाठवायची वेळ आली नसती. पुढे गावांना जे पाणी दिले गेले त्याने कालवा कोरडा पडला नाही, हा त्याचा पुरावा आहे.

हाच वाद पुढच्या टप्प्यातही आला. माखेसचा दुसरा टप्पा आणखी ३८,५०० हेक्टर भिजवण्यासाठी आखला गेला आणि त्यासाठी अंगोस्तुरा धरणात पाणी अडवायचे ठरले. त्या धरणाखालचा एस्पिनार हा भाग शेजारच्या कुस्को प्रांतात आहे. २०१० साली तिथल्या लोकांनी आमच्या वाट्याचे काय, असे विचारत मोठे आंदोलन केले. करार, न्यायालय आणि प्रांतांमधली भांडणे यांत तो टप्पा वर्षानुवर्षे रखडला.

बर्फ आटल्यावर

आता सुरुवातीच्या बातमीकडे येऊ. हिमनदी म्हणजे डोंगराने उघडलेले मुदत ठेवीचे खाते आहे असे समजा: पावसाळ्यात बर्फ जमा होतो आणि कोरड्या महिन्यांत तो थोडा थोडा वितळून पाटात येतो. काबानाकोंदेला पाणी सर्वात जास्त लागते ते ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात, आणि नेमके तेव्हाच आकाश काही देत नाही. तापमान वाढले की सुरुवातीची काही वर्षे झरे उलट जोरात वाहतात, कारण ठेव मोडली जात असते. पाणी वाढल्याचा भास होतो आणि मग ते कायमचे घटते. वाल्का वाल्कावरचा बर्फ पुष्कळ कमी झाला आहे. शेजारच्या साबानकायाची राख बर्फावर पडली की बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो; हा ज्वालामुखी १९९०च्या दशकात बराच काळ आणि २०१६च्या नोव्हेंबरपासून पुन्हा धुमसतो आहे. नव्वदच्या दशकातल्या त्याच्या राखेने आम्पातोच्या शिखरावरचा बर्फ असाच वितळला आणि १९९५ साली मानववंशशास्त्रज्ञ योहान राइनहार्ड आणि गिर्यारोहक मिगेल साराते यांना तिथे इंका काळात डोंगराला अर्पण केलेल्या एका मुलीचे गोठलेले शरीर सापडले. अरेकिपा शहराच्या संग्रहालयात ते जपून ठेवले आहे.

या परिस्थितीत १९८३ साली मिळालेल्या त्या १५० लिटरांचे मोल वाढत जाते, कारण ते पाणी वाल्का वाल्काच्या बर्फाचे नाही. ते कोल्काच्या वरच्या खोऱ्यातल्या पावसाचे आणि कोंदोरोमा धरणात साठवलेले आहे. पण त्यासोबत एक अवलंबनही आले आहे. डोंगराच्या पाण्याचे तळे, पाट, पाळी सगळे गावाच्या हातात होते; कालव्याचे दार मात्र दुसऱ्याच्या हातात असते.

मग पर्यटनावर जगता येणार नाही का?

काही प्रमाणात येते. घळीच्या तळाशी सांगाये या हिरव्या ठिकाणी उतरून दुसऱ्या दिवशी पहाटे हजार मीटर चढून गावात परतणारे पदयात्री रोज दिसतात. त्यांच्यासाठी खाणावळी, मुक्कामाच्या खोल्या, वाटाडे आणि सामान वाहणारी खेचरे आहेत. परंतु बहुसंख्य प्रवासी कोंडोर पाहून चिवायकडे परत फिरतात, आणि महामारीच्या काळात सगळ्या जगाचा प्रवास थांबला तेव्हा गावाला खायला घातले ते शेतानेच. पर्यटन हे जोडउत्पन्न आहे. ते पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

गेलेली माणसे

शेवटचा प्रश्न असा की तरुण माणसे गाव सोडत असतील तर एवढ्या पाण्याचे आणि तालींचे करायचे काय? काबानाकोंदेची माणसे अरेकिपाला गेली, लिमाला गेली आणि शेकडोंच्या संख्येने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहराच्या परिसरातही गेली. तिथे त्यांच्या संघटना आहेत. १६ जुलैला कार्मेनच्या मातेचा, म्हणजे मेरीमातेचा, उत्सव असतो. त्यासाठी ती परत येतात, आणि एखादे वर्षी परदेशातले कुटुंबच उत्सवाचे यजमानपद घेऊन बँडपथक, जेवणावळी आणि बैलांच्या खेळांचा सगळा खर्च उचलते. चौकात विटिटी हा नाच सुरू होतो. पुरुषही त्यात घेरदार झगे घालून नाचतात. २०१५ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

उत्सव संपला की महिन्याभरात पाट साफ करायची वेळ येते. प्रत्येक घरातून एक माणूस फावडे घेऊन वर जातो, गाळ उपसतो, ढासळलेले दगड पुन्हा लावतो, आणि तळ्याशी चिचा फिरते. जी घरे रिकामी आहेत त्यांचे तुकडे बहुधा चुलतभावाकडे किंवा शेजाऱ्याकडे अर्धेलीने दिलेले असतात. पाळी तुकड्याची असते, माणसाची नाही. मालक मेरिलँडमध्ये असला तरी आनानसायाच्या त्या तुकड्याचा क्रम आला की रेहिदोर पाणी घेऊन बांधावर येतो, आणि ते घ्यायला घरचे कुणीतरी तिथे फावडे घेऊन उभे राहावे लागते.